माझा चौकोन परत पाठवणाऱ्या अनोळखी तपासनिसास

सप्रेम नमस्कार,

तुमचं खरं नाव मला ठाऊक नाही. बाई की बुवा, कुठल्या देशातले, वय काय, काहीच नाही. नकाशावरचं टोपणनाव तेवढं माहीत आहे, ते इथे लिहिणं बरं नव्हे. पण 2020 च्या टाळेबंदीत तुम्ही माझा पहिलाच चौकोन, म्हणजे इंटरनेटवरच्या नकाशातला मला आखायला मिळालेला तुकडा, तपासून परत पाठवलात, त्याचे आभार मानायचे राहूनच गेले.

खरं सांगतो, तेव्हा राग आला होता. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून मी तीस वर्षं काढली. आधी साखळी आणि शंकू, मग प्लेन टेबल, निवृत्तीच्या तोंडावर टोटल स्टेशन. हातभर बांधासाठी सख्ख्या भावांना कुऱ्हाडी घेऊन उभं राहिलेलं पाहिलंय मी. अशा माणसापुढे पुतणीने लॅपटॉपवर ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून बनवलेला नकाशा, उघडून टांझानियाच्या सेरेंगेटी जिल्ह्यातला एक चौकोन ठेवला. उपग्रहाच्या छायाचित्रावर दिसतील ती घरं आणि रस्ते आखायचे. ही कसली मोजणी, असं म्हणत एका बैठकीत उरकून टाकला. (दोन तासांनी चौकोन आपोआप दुसऱ्यांसाठी खुला होतो, म्हणून घाईही होती.) तिसऱ्या दिवशी तुमचा शेरा: पुन्हा करावा.

आमच्याकडे चुकलेल्या नकाशावर साहेब लाल शाईने एकच शब्द लिहीत, 'अमान्य'. का, ते आपलं आपण शोधायचं. तुम्ही मात्र एकेका चुकीशेजारी कारण लिहिलं होतं. मी सात गोल घरं काढली होती. त्यांतली तीन घरं नव्हतीच, काटेरी कुंपणाचे गुरांचे वाडगे होते. स्वाहिलीत त्याला झिझी म्हणतात, हेही तुम्हीच कळवलंत. छपराची सावली एका अंगाला भरीव पडते, कुंपणाची नुसती बारीक कड दिसते, तेव्हा आधी सावली बघा. मी आयुष्यभर जमिनीवर उभा राहून मोजत आलो. वरून बघताना सावली वाचावी लागते, हे साठी ओलांडल्यावर शिकलो.

दुसरी चूक मोठी होती. वळणं घेत जाणारी एक पांढुरकी रेघ मी रस्ता म्हणून ओढली होती आणि तो निघाला कोरडा ओढा. तिथे तुम्ही चार ओळी जास्त लिहिल्यात. त्याच जिल्ह्यातल्या मुगुमू गावी रोबी सॅम्वेली यांच्या संस्थेचं आश्रयघर आहे. खतना टाळण्यासाठी घरातून पळालेल्या मुली तिथे राहतात. स्वतः रोबीबाई तेरा वर्षांच्या असताना त्यातून गेल्या. अठरा वर्षांखालच्या मुलींच्या बाबतीत टांझानियात तो 1998 पासून गुन्हा आहे, तरी डिसेंबरच्या सुट्टीत धारदार पाती निघतातच. निरोप आला की मदतीला माणसं निघतात, कधी रात्रीची, आणि वाट शोधायला हातात फोन असतो. रेंज नसली तरी चालणारा हाच नकाशा त्यात. डिसेंबर म्हणजे तिकडे पावसाचे दिवस. माझ्या त्या 'रस्त्या'ने गाडी गेली असती तर कुठे उतरली असती, ते मला रात्रभर दिसत होतं.

त्यानंतर मी तुम्हाला बरेच प्रश्न विचारले. तुम्ही कंटाळला नाहीत, निदान तसं जाणवू दिलं नाहीत. घरं वरून दिसतात, पण गावाचं नाव कसं दिसणार? क्राउडटूमॅप टांझानिया या नकाशा-प्रकल्पाचं काम 2015 पासून चालू आहे. त्यात गावातलेच स्वयंसेवक फोन घेऊन पायी किंवा बोडाबोडाने, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलने, फिरतात आणि गावांची, वाड्यांची नावं, शाळा, दवाखाने भरतात. मी पंख्याखाली बसून हे काम फुकट केलं तर त्यात विशेष काय? त्यांना मात्र रिचार्ज लागतो, भाडं लागतं, फोन लागतो.

छोट्या अनुदानांचं महत्त्व मला तिथे कळलं. ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनने 2020 मध्ये जगभरच्या नकाशा-गटांसाठी अशी अनुदानं दिली, एका प्रकल्पाला जास्तीत जास्त 5,000 युरो. तेव्हाच्या दराने साधारण सव्वाचार लाख रुपये. आमच्या कचेरीत एवढ्यात एक बरं यंत्र आणि त्याची पेटी आली असती, आणि ते यंत्र साहेबांच्या कपाटात राहिलं असतं. (राहिलं आहे. अनुभव आहे.) अर्जांमध्ये 'क्षमता बांधणी' असे भारदस्त शब्द असतात. मला विचाराल तर पहिल्या ओळीत 'रिचार्ज' लिहावं आणि दुसरीत 'मोटारसायकलचं भाडं'.

तो चौकोन मी पुन्हा आखला, तुम्ही मान्य केलात. आमच्या मोजणीला कधी कुणी 'छान' म्हटलेलं आठवत नाही, तुम्ही म्हणालात. पुतणीला तेवढं तीनदा वाचून दाखवलं.

आता नवख्यांचे चौकोन मीही तपासतो. हात अजून लाल शाईकडे जातो. मग तुमचा शेरा उघडून बघतो आणि कारण लिहितो.

एक विचारायचं आहे. काल केलेल्या चौकोनात वायव्य कोपऱ्यात एक गोल आहे. सावली आहे, पण एकाच अंगाला नाही, दोन्हीकडे थोडी थोडी. झिझी समजून सोडून दिलाय. सवडीने नजर टाकावी.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
सातारा जिल्हा