डबा कारंज्याला गेला

पुणे, ९ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांना सा. न.

आई, तू तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी "असेल डिकीत कुठेतरी" म्हणून वेळ मारून नेली. तुझा स्टीलचा डबा हरवलेला नाही. झाकणावर "मामाकडून सप्रेम भेट" कोरलेला तो डबा कारंज्याला गेला, सहा-सात वर्षांच्या एका पोरीच्या मांडीवर बसून. आणि त्या दिवशी "टायर पंक्चर झालं, म्हणून उशीर" असं फोनवर सांगितलं, तेही खोटं होतं. खरं सांगितलं असतं तर तू तिथेच रडायला लागली असतीस आणि बाबांनी "बरं बरं, जेवली का" म्हणून फोन ठेवला असता. म्हणून लिहून पाठवते आहे. हे बाबांना वाचू दे आधी, चष्मा लावून, शेवटपर्यंत.

शनिवारी, २५ तारखेला, पहाटे साडेपाचला नागपूरच्या मानेवाड्याहून पुण्याला निघाले ते तुम्हाला माहीतच आहे. आईने माझ्या लाल, बुटक्या स्पोर्ट्स कारच्या बोनेटवर कुंकू लावलं आणि नेहमीसारखं "यात बसायचं की झोपायचं?" हेही म्हणून झालं. शिवमडक्याला समृद्धी महामार्गावर चढले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. रस्ता रिकामा. सेलडोह मागे पडलं, वर्ध्याचं येळाकेळीचं इंटरचेंज गेलं. इथपर्यंत मी ११८-१२० च्या वर गेले नव्हते, शपथेवर सांगते.

वर्ध्याच्या पुढे एक पांढरी छोटी गाडी ओलांडली. आठ-नऊ वर्षं जुनी असेल. कॅरिअरवर दोरीने बांधलेल्या बॅगा, बोनेटवर दिवाळीची झेंडूची माळ. दोन मिनिटांनी बघते तर ती आरशात. मग आणखी जवळ. मग इतकी जवळ की माळेतली आंब्याची पानं वेगळी दिसायला लागली.

बाबा, खरी गोष्ट इथून पुढे आहे. डावीकडच्या दोन्ही लेन मोकळ्या होत्या. इंडिकेटर देऊन बाजूला झाले असते तर तो पुढे गेला असता आणि विषय संपला असता. मी काय केलं? पाय दाबला. थोडासाच. माझ्या गाडीला थोडासा पुरतो, १४० कधी झाले कळलंही नाही. तो मागे राहिला, मला बरं वाटलं. मग तो परत आला, आणि कबूल करते, मला आणखी बरं वाटलं. १५० ला मी रेडिओचा आवाज कमी केला, एवढंच काय ते भान. चार-पाच किलोमीटर हे चाललं असेल. कोणी कोणाला हात केला नाही, हॉर्न वाजवला नाही.

धामणगावच्या अलीकडे दोन ट्रक होते. मागच्याने पुढच्याला ओलांडायला उजवीकडे घेतलं, आणि तसा तो माझ्या लेनमध्ये आला. मला ते लांबूनच दिसलं होतं. मी ब्रेक दाबला, गाडी पोट टेकवून बसल्यासारखी झाली आणि ८० वर आली. डॅशबोर्डवर ठेवलेला गॉगलसुद्धा घसरला नाही.

मग आरशात पाहिलं. त्या गाडीचं नाक खाली गेलेलं, पुढच्या चाकांतून धूर. आधी उजवीकडे दुभाजकाकडे झुकली, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. नंतर ती आरशातून गेलीच. मला वाटलं, संपलं. पुढचे दोन-तीन सेकंद मी ना पुढे बघत होते ना मागे.

ती माझ्या डावीकडून सरकत गेली आणि कडेच्या पट्टीवर तिरकी होऊन थांबली, रेलिंगपासून हातभर. कोणालाही खरचटलंसुद्धा नाही. आई, हे वाक्य पुन्हा वाच आणि मग पुढे जा.

मी पुढे गाडी लावली, चारही इंडिकेटर सुरू केले आणि कडेकडेने चालत मागे आले. जळलेल्या रबराचा वास पन्नास पावलांवरून येत होता. तिशीतला माणूस, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरूनच बसलेला. शेजारी बायको, मागच्या सीटवर मुलगी. गाडीभर चिवडा. डॅशबोर्डवर पोहे, गिअरच्या खाचेत शेंगदाणे, बाईच्या केसांत कढीपत्ता. मुलगी रडत होती, पण चिवडा सांडला म्हणून.

त्याने काच खाली केली. मला वाटलं, शिव्या देईल किंवा माफी मागेल. तो म्हणाला, "ताई, तुम्ही एकदम ब्रेक काऊन मारला?"

मी एकदम मारला नव्हता, बाबा. तुम्ही शेजारी असता तर पेपरातून मान वर केली नसती. पण त्याच्या जागी बसून पाहिलं तर तो एकदमच होता. दोन आठवडे झाले, माझ्या डोक्यातून तो शब्द जात नाहीये. १५० च्या वेगाला गाडी सेकंदाला ४१ मीटरहून जास्त जाते. तो माझ्या मागे फार तर १५ मीटरवर होता. म्हणजे माझा लाल दिवा लागल्याचं त्याच्या डोळ्यांना कळून पाय उचलेपर्यंत त्याची गाडी त्या १५ मीटरहून जास्त पुढे आलेलीच होती. शिवाय १२० चे १५० केले की वेग सव्वापट होतो आणि ब्रेकवर थांबायला लागणारं अंतर दीडपटीहून जास्त. माझी चाकं रुंद, डिस्क मोठ्या, गाडी जमिनीला चिकटलेली. त्याच्या गाडीला जोरात ब्रेक दाबला तरी चाकं फिरती ठेवणारं एबीएस नव्हतं, चाकं जाम झाली. नंतर आम्ही टायर बघितलं तर एका जागी रबर घासून चपटं झालेलं, वर कडेला बारीक भेगा. त्यावरचा आकडा होता २३१७. म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. जवळजवळ साडेआठ वर्षांचं टायर, कॅरिअरवर बॅगा, आत तीन माणसं, आणि मी त्याला १५० वर घेऊन गेलेली.

"घेऊन गेले" हाच शब्द बरोबर आहे, असं मला वाटतं. ऑफिसात एकाला सांगितलं तर तो म्हणाला, "तू काय त्याची आई आहेस? मागच्याने अंतर ठेवायचं, हा नियम आहे." नियम आहेच. मी सगळं स्वतःवर ओढून घेत नाहीये. बायको-पोर गाडीत असताना त्याने जे केलं, त्याचा मला अजूनही राग येतो. पण मागचा ओव्हरटेक करू बघत असेल तर आपण वेग वाढवायचा नाही, हाही नियमच आहे, आणि तो माझ्यासाठी होता. मी मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ काढून वाचलं. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यतीत भाग घेतला तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तिथे झेंडा, पैज, टाळी असं काही लिहिलेलं नाही. माझ्या त्या चार-पाच किलोमीटरना वकील काय म्हणेल कोण जाणे, मला मात्र दुसरं नाव सुचत नाही.

आणि हे त्या सकाळीच सुरू झालं असंही नाही. पाडव्याच्या संध्याकाळी चिंटूला घेऊन फुटाळ्याला गेले होते ना, तेव्हा लॉ कॉलेज चौकात सिग्नलला एक पोट्टा बाईकवर शेजारी येऊन थांबला. गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बाई चालवते आहे म्हटल्यावर हसला आणि ॲक्सिलरेटर पिळला. सिग्नलवर आकडे उतरत होते. तीन, दोन. मी पण आवाज दिला. चिंटूने टाळ्या वाजवल्या. पुढे मी काही पळवली नाही, पण तो भरगर्दीतून हेल्मेटशिवाय वाकडातिकडा सुटला आणि आम्ही दोघं हसत बसलो. ही गाडी घेतली तेव्हा मी तुम्हाला सांगितलं होतं, जुनी आहे, दोन मालकांची आहे, स्वस्तात पडली. ते खरं. पण लोकांनी वळून बघावं म्हणूनही घेतली होती. आता लोक नुसते बघून थांबत नाहीत, मागे येतात, त्याला मी काय करू?

तर काय करायचं, ते मला शोधावं लागलं नाही. बाबा, तुम्हाला तुमचीच गोष्ट सांगते. एसटीची अकोला नाईट चालवायचात तेव्हाची, थंडीतली. कोंढाळीच्या पुढे धुकं, एसटीच्या मागे पाच-सहा ट्रक, सगळे तुमचा मागचा दिवा धरून. तुम्ही घरी येऊन अंघोळीआधी चहा पिता पिता सांगायचात, "त्याईले रस्ता दिसतच नोहता, माहा दिवाच दिसत होता. मी नालीत गेलो असतो तं सारेच आले असते." मी विचारलं होतं, मग तुम्ही काय करायचात? तुम्ही म्हणालात, वळण यायच्या कितीतरी आधी ब्रेकवर नुसता पाय टेकवायचो. गाडी थांबवायला नाही, दिवा लागावा एवढाच. दोनदा. मग खरा ब्रेक. आणि फारच झाले तर धाब्यावर गाडी घालून चहा मागवायचो, त्यांना म्हणायचो जा पुढे.

गणेशपेठ डेपोतल्या माणसाची पोरगी मी. मला हे ठाऊक होतं, आणि तरी मी त्या माणसाला माझा दिवा धरायला लावून तो दिवा पळवला.

त्यानंतर दोनदा नगर रस्त्याने जाऊन आले. दोन्ही वेळा कोणीतरी मागे लागलंच. आता मी आरशात कोणी चिकटलेलं दिसलं की पाय उचलते, पण ब्रेक मारत नाही. हळूहळू दहा-वीसने खाली येते, इंडिकेटर देते, डावीकडे जाते. बहुतेक जण पुढे निघून जातात आणि जाताना असं बघतात जणू ऑलिंपिक जिंकले. ते बघणं गिळायला जड जातं, खोटं कशाला बोलू. एक जण तर मी हळू झाले तसा तोही हळू झाला, शेजारी येऊन काच खाली करून "दम नाही का?" म्हणाला. मी पुढच्या हॉटेलला वळले आणि नको असलेली मिसळ खाल्ली. बिल ९० रुपये.

आता डब्याचं. ती मुलगी रडायची थांबेना, तेव्हा मी जाऊन तुझा डबा आणला, आई. पातळ पोह्यांचा चिवडा, वर तू ठेवलेल्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या आणि कागदात बांधलेली दोन संत्री. तिने झाकण उघडलं, वास घेतला आणि गप्प झाली. मग मला म्हणाली, "मीच म्हटलं होतं बाबाले, लाल गाडी पकडा." तिच्या आईने तिचा हात दाबला. तो माणूस बाहेर येऊन टायरपाशी उकिडवा बसला होता, त्याने मान वर केली नाही. मला तेव्हा काहीतरी म्हणायला हवं होतं. "तुझं नाही गं चुकलं" असं काही. मी म्हटलं, डबा राहू दे, आजीला दाखव. ते कारंज्याला सासुरवाडीला चालले होते. मग ८० ने निघाले. मी त्यांच्या मागे, बरंच अंतर ठेवून, कारंज्याच्या फाट्यापर्यंत गेले. ते उतरताना मुलीने मागच्या काचेतून डबा उंच करून दाखवला. मामाला काय सांगायचं ते तू ठरव.

आई, १ जुलै २०२३ ला सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस जळाली, २५ माणसं गेली, तेव्हापासून तू त्या रस्त्याचं नाव काढू देत नाहीस. मी तुला तेव्हा म्हटलं होतं की रस्ता चांगला आहे, माणसं चुकतात. त्या माणसांत मी स्वतःला धरलं नव्हतं. गाडी मी विकणार नाही, ते विचारू नकोस. पुढच्या वेळी रेल्वेने ये म्हणशील, तेही जमणार नाही.

बाबा, जानेवारीत येते आहे. शिवमडक्यापासून सेलडोहपर्यंत तुम्ही माझ्या शेजारी बसायचं आणि मी चालवताना काय काय चुकते ते सांगायचं. सीट खाली आहे, गुडघ्याला त्रास होईल, तेव्हा घरून पाट घेऊ म्हणजे उतरताना पाय ठेवता येईल. त्याआधी एक काम करा. तुमच्या गाडीच्या चारही टायरांच्या बाजूला डीओटी असं लिहिलेलं असतं, त्याच ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. कधीकधी ते आतल्या बाजूला जातात, तर वाकू नका, शेजारच्या पोट्ट्याला मोबाईलवर फोटो काढायला सांगा. स्टेपनीचेही. आणि रविवारी मला ते वाचून दाखवा.

तुमची,
ताई