समाजकार्याच्या मुलांना अर्थशास्त्र हवंच

संपादक महोदय, समाजकार्य शिकणाऱ्या मुलांवर अर्थशास्त्राचं ओझं कशाला, असं म्हणणारा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला आणि अजिबात पटला नाही. मी गोवंडीत बचत गटांसोबत काम करते. मागच्या महिन्यात एका ताईंनी कर्जाचं कार्ड दाखवलं, 10,000 रुपये, महिना 2 टक्के, 1,033 रुपयांचे बारा हप्ते, आणि सोबत फिल्डवर्कला आलेली मुलगी म्हणाली, म्हणजे वर्षाला 24 टक्केच ना. तसं नाहीये, मुद्दल दर महिन्याला फिटत जातं पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण 10,000 वरच लावलंय, त्यामुळे खरा दर 40 टक्क्यांच्या वर जातो. हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. मॅक्रोचं, म्हणजे देशाच्या एकूण अर्थव्यवस्थेच्या अभ्यासाचंही तेच. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं टार्गेट 4 टक्के, पण ते सगळ्या वस्तूंच्या किमतींच्या सरासरी निर्देशांकाचं, ज्या घरात निम्मा पगार किराणा-भाजीतच संपतो तिथे डाळ-कांदा भडकला की झळ कितीतरी जास्त बसते, रेशनवर माणशी 5 किलो धान्य मिळतं, भाजी नाही मिळत. अर्थशास्त्राचा पेपर ठेवाच, फक्त आलेख थोडे कमी करून असे हप्ते फळ्यावर सोडवून घ्या.

— एक कार्यकर्ती, चेंबूर