ऑफर लेटर कागदावर देता, मग रद्द फोनवर का करता?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातली. यंदा बी.एस्सी. नर्सिंग पास झाले, चार वर्षं पूर्ण करून, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशनपण हातात आलंय. आपल्या पेपरात बेदाण्याच्या भावावर, रस्त्यावर, एसटीवर लोकांची पत्रं येतात, ती पप्पा संध्याकाळी मोठ्यानं वाचून दाखवतात. म्हणून वाटलं आपलं पण लिहावं, कारण जे माझ्यासोबत झालं तेच माझ्या बॅचच्या अजून दोघींसोबत झालंय आणि तिघींपैकी कुणीच बाहेर बोललं नाही. लाज वाटते ओ. गावात सगळ्यांना सांगून झालेलं असतं ना.

झालं असं की शेवटच्या सेमिस्टरला पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलची माणसं कॉलेजवर इंटरव्ह्यूला आली होती, दोनशेच्या वर बेड आहेत त्यांचे. आधी लेखी झालं, मग तोंडी, कॅन्युला, म्हणजे सलाईनची नळी, शिरेत कशी फिक्स करायची, इन्सुलिनचं युनिट कसं काढायचं, पेशंट अचानक थंडगार पडला तर पहिल्यांदा काय बघशील असं सगळं विचारलं. मला आयसीयूसाठी घेतलं. पंधरा दिवसांनी मेलवर ऑफर लेटर आलं, स्टाफ नर्स, पगार १८,५००, जॉइनिंग १ तारखेला, आणि तीन दिवसांत सही करून परत पाठवा नाहीतर ऑफर संपली असं समजा. मी त्याच दिवशी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन प्रिंट काढली, सही केली, स्कॅन करून पाठवली, त्यांचा 'रिसीव्ह्ड' म्हणून रिप्लायपण आला. तो माझ्याकडं जपून ठेवलाय.

आई बेदाणा निवडायला शेडवर जाते. ती संध्याकाळी आली तेव्हा मी कागद तिच्यासमोर धरला, तर तिनं हात मागं घेतले, म्हणाली, "हात चिकाट हायत माझं, तूच धर." मग तशीच वाकून बघत म्हणाली, यात तुझं नाव कुठाय. मी बोटानं दाखवलं. इंग्रजी तिला येत नाही पण नावाच्या त्या ओळीकडं ती किती वेळ बघत होती ते मला अजून दिसतंय.

त्यानंतरचा खर्च सांगते, कारण पुढं त्यावरच सगळं आहे. जॉइनिंगसाठी रक्ताचे रिपोर्ट, छातीचा एक्स-रे, फिटनेस सर्टिफिकेट, पोलिस व्हेरिफिकेशन, सगळं स्वतःच्या पैशानं. मारुती रोडवरनं पांढरे बूट घेतले, दिवसभर उभं राहायचं म्हणून पप्पांनी हलके घेऊ दिले नाहीत. पुण्यात पीजीला ८,००० डिपॉझिट भरलं, ते बघायला जाऊन आलो, बायकांना एसटीला अर्धं तिकीट आहे म्हणून आई पण आली होती, मुलगी कुठं राहणार ते बघायला. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मिरजेत एका छोट्या हॉस्पिटलनं मला १२,००० वर या म्हणून सांगितलं होतं. तिथं मी स्वतः जाऊन मेट्रन मॅडमना सांगितलं की मला पुण्यात लागलंय, माझी जागा अडकवून ठेवू नका, दुसऱ्या कुणाला घ्या. त्यांनी आठ दिवसांत घेतलं. बरोबरच केलं त्यांनी, वॉर्ड रिकामा ठेवून चालत नाही.

१ तारखेला चार दिवस राहिले होते, संध्याकाळी साडेसहाला पुण्यावरनं एचआरच्या मॅडमचा फोन आला. आवाज चांगला होता, रागावून वगैरे काही नाही. म्हणाल्या नवीन आयसीयूच्या फ्लोअरचं काम लांबलंय, तुमची पोझिशन सध्या होल्डवर आहे. मी विचारलं, मॅडम होल्ड म्हणजे किती दिवस? म्हणाल्या, कळवू. मी म्हटलं, मग हे मला मेलवर पाठवाल का? म्हणाल्या, हो पाठवते ना. फोन दोन मिनिटं बारा सेकंदाचा आहे, लॉगमध्ये दिसतोय. मेल आजपर्यंत आलेला नाही. मी तीन मेल टाकले, चार वेळा फोन केला, आता रिंग जाते आणि कट होते.

साहेब, मला राग कशाचा आलाय ते नीट सांगते. फ्लोअर लांबू शकतो. परवानग्या अडकतात, मशिनरी येत नाही, पैसा कमी पडतो, हे मला कळतं, पेशंटच नाहीत तिथं नर्स उभी करून पगार द्या असं मी म्हणत नाही. पण आम्हाला पहिल्या वर्षापासनं काय शिकवलंय? की जे लिहिलं नाही ते केलंच नाही. बीपी घेतलं आणि चार्टवर लिहिलं नाही तर ते घेतलंच नाही असं धरतात. तोंडी ऑर्डरवर औषध द्यायचं नाही, इमर्जन्सी असेल आणि डॉक्टर फोनवर सांगत असतील तर ते ऐकून जसंच्या तसं परत बोलून दाखवायचं, वेळ टाकून लिहून ठेवायचं आणि चोवीस तासांत डॉक्टरांची सही घ्यायची. ड्युटी संपली तरी पुढच्या सिस्टरला ओव्हर दिल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही, बेड टू बेड फिरून, सलाईन किती उरलंय, युरिन आउटपुट किती, रात्री कोण झोपलं नाही, सगळं. बस चुकली तर चुकली. तिसऱ्या वर्षाला माझ्याकडनं एकदा साडेनऊचं टेंपरेचर लिहायचं राहिलं होतं, सिस्टरनी मला सगळ्यांसमोर उभं केलं होतं आणि मला ते बरोबर वाटलं, आजही वाटतं. आणि त्याच हॉस्पिटलच्या लाइनमध्ये एका मुलीची नोकरी काढून घ्यायची ऑर्डर तोंडी चालते? त्याला सही नको, तारीख नको, कारण नको?

कुणी म्हणेल कागदाचं काय घेऊन बसलीस, नोकरी गेली ती गेली. पण मला त्या कागदाची गरज आहे. शिक्षणासाठी पतसंस्थेतनं कर्ज काढलंय, आत्या जामीन आहे. ऑफर लेटर आल्यावर मी ते पतसंस्थेत दाखवलं होतं, त्यांनी जॉइनिंगची तारीख बघून हप्ता लावला. आता मी गेले की हप्ता दोन-तीन महिने पुढं ढकला, तर मॅनेजर म्हणतात, ताई आमच्या फायलीत तर तू नोकरीला लागलीयस, ऑफर रद्द झाल्याचं पत्र आण मग संचालकांपुढं ठेवतो. त्यांचंही चूक नाही. फायलीत कागद आहे तो नोकरी आहे म्हणतो. पीजीवाल्या काकूपण तेच म्हणाल्या, पत्र दाखव, अर्धं डिपॉझिट तरी देते. दोन ओळींच्या मेलनं माझी दोन कामं झाली असती.

आमच्या गल्लीतल्या वकील काकांना सगळं दाखवलं. त्यांनी सांगितलं की १८७२ चा आपला कराराचा कायदा आहे, समोरच्यानं प्रस्ताव दिला आणि तुम्ही तो स्वीकारल्याचं त्याला पोचलं की मग त्याला तो मागं घेता येत नाही, मोडला तर नुकसानभरपाई मागता येते, कलम ७३ आहे त्यासाठी. मात्र नोकरीवर घ्याच अशी जबरदस्ती कोर्ट खासगी मालकावर सहसा करत नाही. मग त्यांनी चष्मा वर करून लेटरचं दुसरं पान वाचलं. तिथं बारीक अक्षरात होतं की मॅनेजमेंट ही ऑफर कधीही, कारण न देता मागं घेऊ शकते. आणि त्याच्याच खाली, उमेदवार एक वर्षाच्या आत सोडून गेली तर दोन महिन्यांचा पगार भरावा लागेल आणि ओरिजिनल सर्टिफिकेट जॉइनिंगच्या दिवशी ऑफिसात जमा करावीत. मी हे वाचूनच सही केली होती, खोटं कशाला सांगू. तेव्हा वाटलं सगळीकडं असंच असतं. खरं तर सोडलं तर पैसे भर असा बॉण्ड घेऊ नका, मुलींची ओरिजिनल सर्टिफिकेट अडकवू नका असं इंडियन नर्सिंग कौन्सिलनं सांगितलेलं आहे, पण ते सांगणं आमच्या इंटरव्ह्यूच्या टेबलापर्यंत येत नाही. काकांनी नोटीस पाठवू म्हटलं, फी पण घेणार नव्हते. पप्पाच नको म्हणाले, उद्या दुसरीकडं अर्ज करशील तर हीच ती कोर्टात जाणारी म्हणतील. मेट्रन मेट्रन एकमेकींना ओळखतात.

म्हणजे मी सोडलं तर दोन महिन्यांचा पगार, ३७,०००. त्यांनी सोडलं तर काहीच नाही. एकाच कागदावर, एकाच पानावर. हे मला पटत नाही आणि हेच सांगायला हे पत्र आहे.

पगाराचंही जाता जाता सांगते. खासगी हॉस्पिटलमधल्या नर्सच्या हालांबद्दल सुप्रीम कोर्टानं २०१६ साली केंद्राला कमिटी नेमायला लावली होती. त्या कमिटीनं म्हटलंय की दोनशेच्या वर बेडचं हॉस्पिटल असेल तर पगार तिथल्या सरकारी नर्सएवढा हवा, आणि पन्नास बेडच्या आतलं अगदी छोटं असलं तरी २०,००० च्या खाली नको. आपल्या राज्यात सरकारी अधिपरिचारिकेचं, म्हणजे स्टाफ नर्सचं, मूळ वेतनच ३५,४०० पासून सुरू होतं. म्हणजे ज्या १८,५०० वर खूश होऊन मी पेढे वाटले, तो पगारसुद्धा कमीच होता. कमिटीनं राज्यांना नियम करायला सांगितलं होतं, इतकी वर्षं झाली, आमच्या हातात अजून तेच आकडे पडतात.

आणि माणसांची गरज नाही म्हणावं तर तसंही नाही. साध्या हॉस्पिटलला पाच पेशंटमागं एक आणि मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला तीन पेशंटमागं एक नर्स असं इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आम्ही परीक्षेत पाठ करून लिहितो. माझी मैत्रीण नाइटला अठरा पेशंटवर एकटी असते, परवा सांगत होती एकीचं सक्शन करत होते, म्हणजे मशिननं घशातला कफ काढत होते, तर दुसरीकडं बेल वाजत होती, जाताच आलं नाही, सकाळी घरी येऊन रडली. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल काढलं तेव्हापासनं आपला हा भाग दवाखान्यांचा म्हणून ओळखला जातो, कर्नाटकातनं लोक गाड्या करून इथं येतात, आणि इथंच शिकलेल्या मुली घरात बसून जाहिराती बघतायत.

मागणी फार मोठी नाही. ज्या हॉस्पिटलला आपली माणसं एकाएकी सोडून जाऊ नयेत म्हणून दोन महिन्यांचा पगार लावायचाय त्यांनी स्वतःलापण तेच लावून घ्यावं, सही झालेली ऑफर मागं घेतली तर तेवढेच पैसे मुलीला द्यावेत. निदान रिपोर्ट आणि डिपॉझिटचा खर्च तरी. कॉलेजांनी एक करावं, जे हॉस्पिटल ऑफर देऊन असं करतं त्याला पुढच्या वर्षी इंटरव्ह्यूला बोलवायच्या आधी मागच्या मुलींचं काय झालं ते विचारावं. आमच्या कॉलेजच्या प्लेसमेंट मॅडमना मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, बाई मी काय करणार, पुढच्या बॅचलापण तेच येतात, नाराज कसं करू. मला त्यांचीपण अडचण कळते पण मग आम्ही कुणाकडं जायचं? १९४७ चा जुना नर्सिंग कौन्सिलचा कायदा बदलून संसदेनं २०२३ साली नर्सिंग आणि मिडवाइफरी कमिशनचा नवा कायदा केलाय. आमचं शिक्षण, आमचं रजिस्टर, आमचं वागणं या सगळ्यावर त्यात नियम आहेत. मी चुकले तर माझं रजिस्ट्रेशन काढून घेता येतं. आम्हाला घेऊन टाकून देणाऱ्यांना विचारणारं एखादं टेबल राज्याच्या कौन्सिलमध्ये असावं, जिथं साधा अर्ज देता येईल, वकील न लावता.

माझ्या मागून येणाऱ्या बॅचच्या मुलींना एक सांगते. ऑफर लेटर म्हणजे नोकरी नाही, जॉइन होऊन अपॉइंटमेंट लेटर हातात पडेपर्यंत दुसऱ्या ठिकाणी नाही म्हणू नका, मी चांगुलपणानं म्हटलं आणि बसले. दुसरं पान वाचा. सही करण्याआधी विचारा की तुम्ही मागं घेतलं तर मला काय, विचारल्यानं कुणी खात नाही. आणि फोनवर कुणी काही सांगितलं तर लगेच त्यांनाच मेल टाका की आज इतक्या वाजता तुम्ही मला असं असं सांगितलंत, वॉर्डात लिहितो तसं, तारीख-वेळ टाकून. मी ते दोन दिवसांनी केलं. त्याच रात्री करायला हवं होतं.

सध्या मी गावातल्याच एका डॉक्टरांकडं सकाळी ड्रेसिंग आणि इंजेक्शनला जाते, महिन्याला ६,००० देतात, आणि सरकारी भरतीचा अभ्यास चालू आहे. बूट बॉक्समध्येच आहेत. ते हॉस्पिटल हे पत्र वाचत असेल तर मला नोकरी परत नकोय. ऑफर रद्द केली, या तारखेला, या कारणानं, एवढं लेटरहेडवर लिहून सही करून पाठवा. पतसंस्थेचा पहिला हप्ता पुढच्या महिन्याच्या १० तारखेला आहे, त्याआधी पाठवा.

आपली नम्र,
एक स्टाफ नर्स, ता. तासगाव, जि. सांगली

(संपादक साहेब, पत्र छापलंत तर नाव छापू नका ही विनंती. अजून चार ठिकाणी अर्ज दिलेत.)