इंदूरच्या वकीलताईंना, पारधी वस्तीकडून

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही छापू नये अशी आपली ताकीद आहे, म्हणून ते लिहीत नाही. हे पत्र कोणासाठी आहे ते आमच्या वस्तीतल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

शहरात कुठे घरफोडी झाली की गाडी आमच्या वस्तीवर यायची, हाती लागेल त्या तरुणाला ‘पूछताछ’साठी न्यायची, आणि तो कधी परत येईल हे सांगायला कोणी बांधील नसायचे. माझ्या धाकट्या भावाला असेच नेले, तेव्हा आपण ठाण्यात जाऊन संशयाचे कारण लेखी मागितलेत. लिहून देण्यासारखे काहीच नव्हते आणि भाऊ त्याच संध्याकाळी घरी आला.

त्यानंतर आपण जे उभे केलेत, त्याचे ऋण याहून मोठे आहे. अटकेचा मेमो मागायचा, नातेवाइकाला कळवणे बंधनकारक आहे, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावेच लागते, अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही, हे सारे आज आमच्या आयाबाया न अडखळता सांगतात. ज्यांच्या सासऱ्यांनी पोलीस पाटलाकडे रोज हजेरी दिली, त्या या बायका आहेत. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आम्हाला जन्मतःच गुन्हेगार ठरवले, 31 ऑगस्ट 1952 रोजी तो रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांच्या नावाने राज्याराज्यांत आलेल्या कायद्यांच्या आडून तोच संशय चालू राहिला.

सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी तुरुंगांतील जातिभेदाविरुद्ध निकाल देताना विमुक्त जमातींच्या, म्हणजे त्या जुन्या कायद्याच्या यादीतून मुक्त झालेल्या आमच्यासारख्या जमातींच्या, लोकांना मनमानी अटक होऊ नये, असेही पोलिसांना बजावले. तो परिच्छेद आपण सोप्या मराठीत उतरवून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरोघरी दिलात. आमच्या घरी तो रेशनकार्डाजवळ ठेवला आहे.

मला सर्वांत धीराचे वाटले ते आपले शेजारच्या कॉलनीतल्या बैठकीला जाणे. पोलिसांना फोन बहुधा तिथूनच जायचा: ‘पारधी फिरताहेत.’ आपल्याच मराठी माणसांसमोर उभे राहून, फिरणे हा गुन्हा कधीपासून झाला, असे विचारणे सोपे नव्हते. काही जण उठून गेले. जे थांबले त्यांच्यातले एक निवृत्त शिक्षक आता आमच्या मुलांची शिकवणी घेतात.

पोलीस ज्यांच्यावर पाळत ठेवतात त्यांच्या ‘निगरानी बदमाश’ यादीतून, एकही गुन्हा सिद्ध न झालेल्या आमच्या माणसांची नावे काढावीत, हा अर्ज अजून प्रलंबित आहे. पुढच्या तारखेला वस्तीतली मंडळी जिल्हा न्यायालयात हजर राहतील. आपण फी घेत नाही. निदान टायपिंग, झेरॉक्स आणि स्टँपचा खर्च यापुढे वस्ती उचलील, आणि त्याला आपण कृपया नाही म्हणू नये.

आपला ऋणी,
वस्तीतील एक भाऊ