पहिल्या पगाराआधी कर्जाचा कागद वाचायला शिकवा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोकणातील तरुणांच्या रोजगाराविषयी आपल्या दैनिकात नेहमी लिहिले जाते, आणि ते लिहिले गेलेच पाहिजे. परंतु रोजगार मिळाल्यावर हातात येणाऱ्या पैशाचा हिशोब कसा ठेवायचा, हे या मुलांना घरी, शाळेत किंवा कामाच्या ठिकाणी कोणीच शिकवत नाही, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. बँकेच्या कर्ज विभागात तीस वर्षे काम करून मी निवृत्त झालो असून सध्या गुहागर तालुक्यात माझ्या गावी राहतो.

गेल्या महिन्यात आमच्या वाडीतील एक मुलगा मोटरसायकलच्या कर्जाची फाइल घेऊन माझ्याकडे आला. आयटीआय करून तो लोटे येथील औद्योगिक वसाहतीत नुकताच कामाला लागला आहे. "काका, बारा टक्क्यांनी कर्ज मिळालं, हप्ता ३,१०० रुपये. बरोबर आहे ना?" एवढेच त्याला विचारायचे होते. पडवीत बसून आम्ही हिशोब मांडला. कर्ज ६०,००० रुपयांचे, मुदत २४ महिन्यांची. बारा टक्क्यांनी वर्षाचे व्याज ७,२०० आणि दोन वर्षांचे १४,४००. एकूण ७४,४०० रुपयांना चोवीसने भागले की हप्ता ३,१०० येतो. आकडेमोड बिनचूक होती. मात्र वर्षभर हप्ते भरून अर्धे मुद्दल फेडल्यावरही व्याजाची आकारणी पूर्ण ६०,००० रुपयांवरच चालू राहणार, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. फ्लॅट रेट म्हणतात तो हाच. शिल्लक मुद्दलावर खरोखर बारा टक्के आकारले असते, तर हप्ता सुमारे २,८२५ रुपये बसला असता आणि दोन वर्षांचे एकूण व्याज ७,८०० रुपयांच्या आत राहिले असते. सुरुवातीलाच कापून घेतलेले १,२०० रुपयांचे प्रक्रिया शुल्क धरले, तर त्याच्या कर्जाचा खरा वार्षिक दर पावणेचोवीस टक्क्यांच्या घरात जातो.

मला अधिक वाईट वाटले ते पुढे. हा दर त्याच फाइलमध्ये छापलेला होता. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्यांचे विवरणपत्र द्यावे लागते, ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते आणि त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर नमूद करावा लागतो. मुलाने त्या पानावर सही केली होती, पण ते वाचले नव्हते. सही होऊन दहा दिवस उलटून गेले होते.

आम्ही मोठी माणसे मुलांना 'अंथरूण पाहून पाय पसरावे' असे सांगतो, पण अंथरूण मोजायचे कसे हे सांगत नाही. कोकणात तर ते मोजणे अधिकच अवघड आहे, कारण येथे उत्पन्न हंगामाने येते आणि हप्ता मात्र दर महिन्याला येतो. आंब्याचा पैसा मार्च ते मे या काळात हाती येतो, तोही दलालाने दिलेली आगाऊ रक्कम वजा होऊन. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि होडीवरच्या खलाशाच्या घरात त्या दोन महिन्यांत मिळकत जवळजवळ थांबते. लगोलग गणपतीचा खर्च समोर उभा राहतो. एप्रिलमधली मिळकत पाहून ठरवलेला हप्ता जुलैत थकतो, त्याची नोंद पतमापन अहवालात, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास दाखवणाऱ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये होते आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर तीच नोंद आडवी येते. म्हणून अशा घरातल्या मुलाने वर्षाची मिळकत बारांनी भागून मगच हप्ता पेलतो का ते पाहावे आणि पावसाळ्याचे दोन-तीन हप्ते हंगामातच बाजूला काढून ठेवावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

जामीनदार होण्याविषयीही लिहिणे भाग आहे. मैत्रीखातर पतपेढीत जाऊन सही करणारी बावीस-तेवीस वर्षांची मुले मी शेकड्यांनी पाहिली आहेत. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे त्यांतल्या बहुतेकांना पहिली नोटीस आल्यावरच कळते. तसेच, बँकेतील ठेवीला प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे आणि सहकारी बँकाही त्यात येतात; पतसंस्थेतील ठेवीला मात्र ते लागू नाही. एक टक्का जास्त व्याजासाठी आईवडिलांची सगळी पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवण्याआधी घरातल्या शिकलेल्या मुलाने हा फरक त्यांना समजावून सांगायला हवा.

पगाराच्या चिठ्ठीचीही तीच गत. भविष्यनिर्वाह निधीसाठी पगारातून कापलेले पैसे गेले असे मानून अनेकजण नोकरी बदलताना सगळी रक्कम काढून मोबाइल घेतात. वास्तविक ते खाते नव्या मालकाकडे वर्ग करता येते. या निधीसोबत मिळणाऱ्या निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते आणि निवृत्तिवेतनाचा भागही काढून घेतला, तर ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. प्रधानमंत्र्यांच्या नावाच्या दोन विमा योजनांचा, म्हणजे आयुर्विम्याच्या जीवनज्योती आणि अपघात विम्याच्या सुरक्षा योजनेचा हप्ता वर्षाला अनुक्रमे ४३६ आणि २० रुपये आहे आणि त्यांचे वर्ष १ जूनला सुरू होते. म्हणजे मेअखेरीस खात्यात ४५६ रुपये शिल्लक नसतील, तर ऐन पावसाळ्यात घरातला कमावता माणूस विम्याविना राहतो.

आपल्या दैनिकाने आठवड्यातून एकदा असा एखादा कागद, मग ते विवरणपत्र असो, पगाराची चिठ्ठी असो वा क्रेडिट कार्डाचे बिल, नमुना म्हणून छापून ओळीओळीने समजावून द्यावा, अशी माझी विनंती आहे. महाविद्यालयांच्या प्राचार्यांनीही शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी यासाठी दोन तास राखून ठेवावेत. गणपतीत मुंबई-पुण्याची मुले गावी असतात, म्हणून यंदा आरतीनंतर रोज तासभर वाडीच्या मंदिराच्या सभामंडपात बसायचे मी ठरवले आहे. येणाऱ्याने फक्त आपला कर्जाचा कागद आणि एक पेन सोबत आणावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी
तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी