ॲम्स्टरडॅमला अर्ध्या दिवसात उरकू नका

महोदय,

उन्हाळी सुट्टीतील परदेश सहलींची माहिती देणाऱ्या आपल्या पुरवणीत ॲम्स्टरडॅमच्या वाट्याला एकच ओळ आली आहे : सकाळी आगमन, काचेच्या छताच्या बोटीतून तासाभराची फेरी आणि दुपारी पुढच्या देशाकडे प्रयाण. बारा दिवसांत सहा-सात देश दाखवणाऱ्या सहलींत यापेक्षा अधिक वेळ देता येत नाही, हे मान्य आहे. परंतु दरवर्षी हीच ओळ छापली गेल्याने हे शहर एवढ्यातच पाहून होते, असा वाचकांचा समज होतो. तो दूर व्हावा आणि केवळ या एका शहरासाठी तीन-चार दिवसांचा बेत आखण्याचा विचार वाचकांनी करावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हेरेनग्राख्त, केझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त या तीन मोठ्या कालव्यांचे खोदकाम 1613 च्या सुमारास सुरू झाले आणि 2010 साली हा सारा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. व्यापाऱ्यांची घरे हीच त्यांची कोठारेही असल्याने माल वरच्या मजल्यांवर चढवण्यासाठी बहुतेक घरांच्या माथ्यावर आकड्याची तुळई बाहेर काढलेली दिसते, आणि चढवताना माल भिंतीवर आदळू नये म्हणून अनेक घरांचा दर्शनी भाग मुद्दाम पुढे झुकता बांधलेला आहे. जमीन दलदलीची व मऊ, त्यामुळे खालच्या वाळूच्या थरापर्यंत लाकडी खांब ठोकून त्यांवर इमारती उभारल्या गेल्या. डाम चौकातील एकट्या राजवाड्याखाली असे 13,659 खांब असल्याचे सांगतात. हे सारे बोटीतून भरभर मागे पडते. ब्राउवर्सग्राख्तपासून निघून प्रिन्सेनग्राख्तच्या काठाने आमस्टेल नदीपर्यंत सावकाश चालत गेले, तर ते नीट पाहता येते.

अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम आता तसाही आणखी आक्रसला आहे. साडेसात टनांहून अधिक वजनाच्या पर्यटक बसगाड्यांना 1 जानेवारी 2024 पासून शहराच्या मध्यभागात प्रवेश नाही. सप्टेंबर 2020 मध्ये ग्रिमबर्गवाल येथे कालव्याच्या धक्क्याची भिंत अचानक पाण्यात कोसळली होती, हे लक्षात घेतले म्हणजे जुने पूल आणि धक्के जपण्याची तेथील निकड समजते. गटाला बाहेरच उतरावे लागते आणि हाती असलेल्या वेळातील बराचसा जाण्यायेण्यात संपतो.

स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी नियोजनाचा क्रम मात्र उलटा ठेवायला हवा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची सूचना हीच आहे. आपल्याकडे आधी विमान, मग हॉटेल आणि शेवटी संग्रहालये असा क्रम असतो. दुसऱ्या महायुद्धात दैनंदिनी लिहिणाऱ्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीचे कुटुंब ज्या घरात लपून राहिले, त्या प्रिन्सेनग्राख्तवरील घराची तिकिटे केवळ त्या घराच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात. ती दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी खुली होतात आणि झपाट्याने संपतात. व्हॅन गॉग संग्रहालयातही वेळ ठरवून आधी तिकीट काढावे लागते. म्हणून शहरातील दिवस ठरवताना तो मंगळवार आधी दिनदर्शिकेवर नोंदवावा आणि बाकीचा बेत त्याभोवती बसवावा. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा त्यासाठी घाई होण्याचे कारण नाही; मात्र ज्या देशात अधिक दिवस मुक्काम आहे, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो, हे विसरू नये.

मुक्कामाच्या खर्चात खोलीभाड्यावरील साडेबारा टक्के पर्यटक कर धरावा. खर्च वाचवण्यासाठी रेल्वेने वीस मिनिटांच्या आत येणाऱ्या हार्लेमला राहण्याचा पर्याय आहे, आणि ते शहरही देखणे आहे. तरीही शक्य असल्यास एक रात्र तरी कालव्यांच्या जवळ काढावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण दिवसाची गर्दी ओसरल्यावर हे काठ खऱ्या अर्थाने चालण्याजोगे होतात, आणि जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. ट्राम, बस व रेल्वेत परदेशी वापरासाठी खुले केलेले बँक कार्ड चढताना आणि उतरताना यंत्राला लावले की पुरते. ज्येष्ठांनी तांबड्या रंगाच्या सायकलमार्गावर चुकूनही उभे राहू नये. सायकली तेथे वेगाने येतात.

शाकाहारी मंडळींनी खाण्याची धास्ती घेऊ नये. 1873 पासून सुरिनाम या दक्षिण अमेरिकेतील तेव्हाच्या डच वसाहतीत करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचे अनेक वंशज पुढे नेदरलँड्समध्ये स्थायिक झाले, आणि त्यांच्या उपाहारगृहांत बटाटा व शेंगांच्या भाजीबरोबर मिळणारी रोटी आपल्या जिभेला सहज रुचते. ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांनी औडे होखस्त्रात या रस्त्यावरील डच ईस्ट इंडिया कंपनीची जुनी इमारत अवश्य पाहावी. वेंगुर्ल्यातील डच वखार, जिचे भग्नावशेष आज दुर्लक्षित उभे आहेत, ती याच कंपनीची होती.

मुलांकडे आइंडहोवन किंवा आम्स्टेलवेनला काही आठवड्यांसाठी जाणारे मराठी आईवडील आता बरेच आहेत. त्यांना हे शहर रेल्वेने किंवा ट्रामने सहज गाठता येते आणि त्यांच्याकडे वेळही असतो. आपल्या पुढील पुरवणीत अशा वाचकांसाठी एखाद्या शहराच्या तिकिटांचे दिवस, पायी फिरण्याचे मार्ग आणि स्थानिक नियम यांची माहिती सविस्तर द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे