पॉज होत नाही, हे तू खरं सांगत होतास

नाशिक, रविवार रात्र

चि. निनाद,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, फोल्डरमधले गेम खेळलीस का? खरं सांग, कोणता आवडला?" मी "बघू, वेळ मिळाला की" म्हणून विषय बदलला. पण जूनपासून एकही आठवडा न खेळता गेलेला नाही. दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

जुना लॅपटॉप माझ्याकडे ठेवताना तू डेस्कटॉपवर 'आईसाठी' नावाचं फोल्डर करून ठेवलंस, ते मला तू गेल्यावर आठ दिवसांनी दिसलं. त्या रात्री मी काहीच खेळले नाही. नुसतं ते उघडून बसले होते.

माझी सुरुवात मात्र त्या फोल्डरपासून नाही. लासलगावला मी नववीत असताना तुझ्या मामाने टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम आणला होता. पहिला रिमोट मामाचा, दुसरा त्याच्या मित्राचा, आणि मित्र आला नाही तर तो माझ्या हातात. त्यातल्या कॉन्ट्रा नावाच्या गोळीबाराच्या गेममध्ये धबधब्याची लेव्हल आहे ना, तिथे मामा भराभर वर उड्या मारत जायचा. स्क्रीन त्याच्याबरोबर वर सरकायची आणि खाली राहिलेली मी नुसती खाली राहिले म्हणून मरायची. कुणाची गोळी लागायची गरजच नाही. मला किती तरी दिवस वाटायचं की मला खेळता येत नाही. आता परत खेळून बघितल्यावर कळलं, तो गेमच तसा आहे. दोघांनी एकमेकांसाठी थांबायचं ठरवलं तरच ती लेव्हल दोघांची होते.

मारिओ मात्र माझा. घरातले सगळे दुपारी झोपले की मी आवाज बंद करून खेळायची. शिगेरू मियामोतोंनी १९८५ मध्ये केलेला हा गेम मी यंदा पुन्हा पहिल्यापासून नीट बघत खेळले. त्यात कुठेही सूचना लिहिलेली नाही. मारिओ डाव्या कडेला उभा, उजवीकडे सगळं मोकळं, म्हणजे कुठे जायचं ते आपोआप कळतं. चार पावलांवर तो भुवया चढवलेला प्राणी समोरून येतो. धडकलास तर मेलास, पण नुकसान पाच सेकंदांचं. दुसऱ्या वेळी उडी मारतोस आणि बहुतेक वेळा त्याच्याच डोक्यावर पडतोस. झालं, शिकलास. इतकं चांगलं शिकवणं मी फार कमी ठिकाणी पाहिलंय. आणि त्यातले ढग आणि झुडपं हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय, हे तुला माहीत होतं? मेमरी फार थोडी होती, म्हणून तेच दोनदा वापरलं. मला आजीच्या गोधड्या आठवल्या. एकाच जुन्या लुगड्याचा काठ कुठे वेल व्हायचा, कुठे कड.

या मारिओची आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती. खेळ रंगात आलेला असताना आजी हाक मारायची, "दळण आण गं." मी स्टार्टचं बटण दाबायची, डबा घेऊन गिरणीत जायची, रांगेत थांबून परत यायची, आणि मारिओ उडी मारता मारता हवेत तसाच. लाइट गेली तर गोष्ट वेगळी, पण एरवी गेम थांबतो आणि आपली वाट बघतो, हे मी तेव्हापासून धरून चालले होते. हे लक्षात ठेव, पुढे त्यावर येते.

टेट्रिसबद्दल फार लिहीत नाही. यात्रेतून आणलेल्या हातातल्या ब्रिक गेमवर मी तो कॉलेजभर खेळले, आणि माझ्या मते त्याच्याइतका स्वच्छ खेळ दुसरा झाला नाही. अलेक्सी पाजित्नोव्ह या माणसाने १९८४ मध्ये मॉस्कोत केला. चार-चार चौकोनांचे सातच आकार. ना गोष्ट, ना माणूस, ना लालूच. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या तेरा वर्षांच्या मुलाने तो इतका पुढे नेला की गेमच गोठून बंद पडला. ती बातमी वाचताना मला त्या वयाचा तूच दिसलास.

आता स्टारड्यू व्हॅली. मी सगळ्यात जास्त हाच खेळले. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने चित्रं, संगीत, सगळं चार-साडेचार वर्षं बसून केलं आणि २०१६ मध्ये बाहेर आणलं. पहिल्याच दृश्यात आजोबांचं पत्र आहे, आणि शहरातली नोकरी सोडून त्यांच्या पडीक शेतावर जायचं आहे. तू हा का ठेवलास ते लगेच कळलं. आपल्या आबांसाठी ठेवलास ना?

म्हणून आबा दिवाळीनंतर राहायला आले तेव्हा मी त्यांना शेजारी बसवून दाखवला. पहिली पाच मिनिटं ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाणी एकेका झाडाला घालतेस? मजूर कुठंयत?" मी म्हटलं, एकटीलाच करायचं. कावळे पिकावर येतात आणि बुजगावणं उभं करावं लागतं, हे बघून त्यांना बरं वाटलं. पाऊस आला की त्या दिवशी पाणी घालावं लागत नाही, तेव्हा म्हणाले, "एवढं बरोबर केलंय त्यानं." मग मी पीक विक्रीच्या पेटीत टाकलं, सकाळी पैसे आले, आणि त्यांनी विचारलं, "भाव कोण ठरवतं?"

निनाद, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या खेळात पार्सनिप नावाचा कंद वीसला बी घेऊन पस्तिसाला विकला जातो. एक विक, पाचशे विक, आज विक, पुढच्या वर्षी विक, पस्तीस म्हणजे पस्तीस. गावात माल भरपूर झाला म्हणून भाव पडत नाही. आबांनी आयुष्यभर कांदा केला. ट्रॅक्टर लिलावाला लावून बोली ऐकायची, आणि काही वर्षी वाहतुकीचा खर्च सुटला तरी नशीब म्हणायचं. ते शांतपणे म्हणाले, "असा भाव असता तर मामानं नोकरी कशाला धरली असती?" आणि उठून अंगणात गेले.

तो खेळ मला वाईट वाटत नाही, उलट फार मायेने केलेला आहे. पण तो शेतीचा खेळ नाही. दिवसभर हातांनी काम करून संध्याकाळी त्याचं फळ दिसतं, या सुखाचा तो खेळ आहे. माझ्यासारखी दिवसभर बँकेत दुसऱ्यांच्या आकड्यांवर सह्या करणारी बाई त्यात का रमते, ते यातच आलं. एक गोष्ट मात्र त्याने अगदी खरी पकडलीय. मी वसंताच्या अठरा तारखेला फ्लॉवर लावला, चाळीस रोपं. त्याला बारा दिवस लागतात आणि ऋतू अठ्ठावीस दिवसांचा. एकोणतिसावा दिवस उजाडलाच नाही, उन्हाळा लागला आणि सगळी रोपं एका रात्रीत करपून उभी. विळ्याने एकेक कापून काढावी लागली. आबा दुसऱ्या दिवशी म्हणाले, "अठराला लावून कसं यायचं? मला विचारायचंस की." आता ऋतू बदलला की त्यांना फोन करते, आणि ते खरोखर विचार करून सांगतात.

मॉन्युमेंट व्हॅली तीन संध्याकाळींत संपला. फक्त दहा प्रकरणं. जिने उलटे फिरवले की जिथे वाट नव्हती तिथे वाट तयार होते. इतका सुंदर खेळ आणि तो वेळेवर थांबतो, हेच मला त्यातलं मोठेपण वाटलं. व्हाइस सिटी मला नको. तिथे समुद्राकाठी रेडिओ लावून संध्याकाळी गाडी चालवणं फार छान आहे, ते मी अर्धा तास केलं. पण रस्त्यावरच्या माणसाला गाडीखाली घेतलं तर त्याचे पैसे आपल्याला मिळतात, हे मला सहन होत नाही. तू म्हणशील खेळ आहे, खऱ्यात कोण करतं. कुणी करत नाही, मान्य. तरी मला नको.

राजी मी अभिमानाने सुरू केला, कारण तो पुण्यात झालेला आहे, नॉडिंग हेड्स गेम्सचा. सर्कशीतली मुलगी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघते. विष्णू आणि दुर्गा वरून बघत तिची गोष्ट सांगतात. भिंतींवरची चित्रं, ते महाल, मी जागोजागी थांबून बघत राहिले. परदेशी किल्ल्यांतून धावणारा राजकुमार आम्ही खूप बघितला होता, पैंजण घातलेली आपल्याकडची मुलगी पहिल्यांदा बघितली. पण खरं सांगायचं ठरलंय तर ऐक. मारामारी थोड्याच वेळात तीच ती वाटते, आणि गोष्ट ऐन भरात आली असताना संपते, ताट वाढलेलं असताना उचलून नेल्यासारखी. आपल्या माणसांनी केलाय म्हणून मी हे लपवणार नाही. त्यांनी पुढचा करावा, मी पहिल्या दिवशी पैसे देऊन घेईन.

एक गेम तुझ्या फोल्डरमध्ये नव्हता. मोबाइलवर मीच घेतला, रंगीत गोळ्या जुळवायचा. नाव लिहीत नाही. पाच वेळा हरलं की तो थांबायला सांगतो, किंवा पैसे मागतो. मी ऑगस्टमध्ये तीन वेळा पैसे दिले. फार नाहीत, पण तिसऱ्या वेळी रात्री पावणेबारा वाजता ओटीपी टाकताना माझ्या लक्षात आलं की मला खेळायचं नव्हतंच, मला ती लेव्हल संपवून मोकळं व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी काढून टाकला. मारिओ मेला की दोष माझ्या बोटांचा असायचा. इथे मी अडकावं म्हणूनच मुद्दाम तशा गोळ्या मांडल्यात असं वाटत होतं. त्याच महिन्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संसदेत झाला, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. आपल्या गल्लीतल्या एका घराचं पत्त्यांच्या ॲपपायी काय झालं ते तू पाहिलंयस. त्याला मी खेळ म्हणणार नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. पबजी.

२ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲप बंद केली, त्यात पबजी होता. मी स्वयंपाकघरातून मोठ्याने तुला ती बातमी सांगितली, आणि आनंदाने सांगितली. तू आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होतास. त्याआधी जुलैत एकदा मी जेवायला हाक मारली, तू म्हणालास, "आई, मॅच चालू आहे, पॉज होत नाही." मी म्हटलं, "खोटं बोलू नकोस," आणि मोबाइल हातातून ओढून घेतला. माझ्या डोक्यात तो हवेत थांबलेला मारिओ होता. गेम थांबत नाही असं असूच शकत नाही, अशी माझी खात्री होती.

गेल्या महिन्यात पार्थ आला होता. त्याला म्हटलं, मला बीजीएमआय शिकव, म्हणजे पबजीचाच भारतातला नवा अवतार. पहिल्या दोन मॅचमध्ये पॅराशूटमधून उतरल्या उतरल्या मेले. तिसऱ्यात पार्थ, त्याचे दोन मित्र आणि मी. शंभर जणांतले पस्तीस-चाळीस उरले होते, ज्याच्या आत राहावं लागतं ते वर्तुळ लहान होत होतं. कानात ती मुलं ओरडत होती, "आत्या, खाली बसा! आत्या, झाडामागे!" मला गोळी लागली आणि मी रांगायला लागले. मला वाटलं, संपलं. पण त्यातला एक मुलगा धूर फेकून त्या धुरातून माझ्यापर्यंत आला आणि मला उठवायला बसला. ते दहा सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ त्याला स्वतःला काही करता येत नाही. मी त्याला कधी पाहिलेलंही नाही.

नेमकी तेव्हाच बाबांनी बाहेरून हाक मारली, "अगं, दूधवाला थांबलाय, पैसे दे." आणि माझ्या तोंडून निघालं, "थांबा हो, हे पॉज होत नाही."

पुढे मॅचमध्ये काय झालं ते मला आठवत नाही.

नंतर पार्थने सांगितलं की त्या जुलैच्या रात्री चौघांत तू शेवटचा उरला होतास. बाकीचे तिघे तुझ्या स्क्रीनवरून बघत होते आणि तू अचानक जागच्या जागी उभा राहिलास. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तुझ्याऐवजी दुसऱ्याला घेतलं. शाळा बंद, मैदान बंद, सोसायटीचं गेट बंद, आणि तुझ्याकडे तेवढे तिघेच होते. हे तू मला कधीच सांगितलं नाहीस. मी विचारलंही नव्हतं.

बाळा, माझं चुकलं. तू खोटं बोलत नव्हतास.

सगळंच म्हणणं मागे घेत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तू जागायचास, त्यावर मी ओरडले ते योग्यच होतं. आता अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीनच तास खेळता येईल अशी मर्यादा त्यांनी घातलीय, तीही मला पटते. पण "आत्ताच्या आत्ता बंद कर" याऐवजी "ही मॅच किती वेळ चालेल?" एवढं मी विचारायला हवं होतं. अर्ध्या तासाच्या आतबाहेरचा प्रश्न होता. भात तेवढा वेळ कुकरमध्ये गरम राहिला असता.

तिळाच्या वड्या आणि आबांनी पाठवलेल्या शेंगा परवाच्या कुरियरने येतील. शेंगा खोलीतल्या सगळ्यांना दे. स्टारड्यूच्या खाणीत मी चाळिसाव्या मजल्यावर अडकलेय, खाली बर्फ आहे आणि माझी तलवार पुरत नाही, त्याचं काहीतरी सांग. उन्हाळ्यात काय लावायचं ते आबा सांगणार आहेत.

पुढच्या रविवारी नऊला फोन करते. मॅच चालू असेल तर उचलू नकोस, संपली की तू कर.

तुझी,
आई